पळणाऱ्या लेकरांसाठी हेडफोन : घ्यावा का, आणि घ्यावा तर कोणता?

रविवारची बुद्धवंदना संपली होती. चटया गुंडाळून झाल्या आणि बाया-माणसे विहारातून बाहेर पडू लागली. एक भगिनी मात्र दाराशी थांबून राहिली. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यावर जाणारे तिचे कुटुंब. मुलगा बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करतो. ती म्हणाली, "भाऊ, पोरगं हेडफोन मागायलंय. बिनवायरचा. पळताना लागतो म्हणतंय. उचलीतले हजार रुपये बाजूला ठेवलेत. घ्यावा का न्हाई, तुम्हीच सांगा."

प्रश्न साधा होता, पण उत्तर मला लगेच देता आले नाही. उचलीतले हजार रुपये म्हणजे अजून न तोडलेल्या उसाचे पैसे. ते पाण्यात जाऊ नयेत आणि पोराचे मनही मोडू नये, अशी दोन्ही बाजूंनी त्या माऊलीची ओढाताण होती. म्हणून मी आठ दिवस मागून घेतले. बाजारात दोन-चार दुकाने पालथी घातली, खोक्यांवरची बारीक अक्षरे वाचली, मैदानावर पळणाऱ्या मुलामुलींना विचारले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण हा प्रश्न आज ना उद्या आपल्या प्रत्येक घरात येणार आहे.

ही चैन आहे का?

जुनी माणसे म्हणतील, आम्ही काय कानात गाणी लावून कोयता चालवला? खरे आहे. परंतु जात्यावर ओवी होतीच, शेतात भलरी होतीच. श्रमाला ताल लागला की श्रम हलके होतात, हे आपल्या आयाबायांना कोणी शिकवावे लागले नाही. व्यायामशास्त्राचे अभ्यासकही तेच सांगतात. मध्यम गतीच्या व्यायामात संगीतामुळे थकवा कमी जाणवतो. मात्र छाती भरून दम लागला की हा परिणाम ओसरतो. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हेही आपण जाणतो. संगीताची आवड ही काही वाया गेलेल्या पोराची खूण नव्हे.

व्यायामाचेही तसेच. भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमण, म्हणजे सावधपणे येरझाऱ्या घालणे, शिकवले आणि त्याचे पाच लाभ सांगितले. प्रवासाची ताकद येते, कष्टाची ताकद येते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेले पचते आणि मनाची एकाग्रता टिकते. यात सावधपणा हा शब्द महत्त्वाचा आहे. माझे पुढचे सगळे म्हणणे त्या एका शब्दावर उभे आहे.

रस्त्यावर कान हे दुसरे डोळे

१९ जानेवारी २०२५ ची पहाट आपल्या जिल्ह्यातले कोणी विसरलेले नाही. बीड-परळी मार्गावर घोडका राजुरी फाट्याजवळ भरतीसाठी धावणाऱ्या तरुणांना एसटी बसची धडक बसली आणि तिघे मृत्युमुखी पडले. त्यांच्या कानात काही होते असे मी मुळीच म्हणत नाही. त्या लेकरांकडे बोट दाखवण्याचा कोणालाच अधिकार नाही. मी एवढेच म्हणतो की आपली मुले जिथे पळतात तिथे मैदान नाही, दिवा नाही, पदपथ नाही. तिथे आहे तो अंधार, धुके आणि भरधाव वाहने. पाठीमागून येणारे वाहन डोळ्यांना दिसत नाही, ते कानालाच आधी कळते. तो कानच बुजवून टाकला तर उरले काय?

त्यात आपल्या भागाची आणखी काही कारणे आहेत. हंगामात उसाने भरलेले, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेपर्यंत चालतात आणि चालकाने स्वतःच टेप मोठ्याने लावलेला असतो. तिकडे त्याला ऐकू येत नाही आणि इकडे आपल्याला, मग अपघात टाळायचा कोणी? बॅटरीवरच्या स्कूटर तर आवाजही करीत नाहीत. शिवाय १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आहे. ज्या गावांनी कधी गाडी पाहिली नव्हती तिथली मुले रुळांच्या कडेची सपाट जागा पाहून तिथे पळू लागतील. रुळांजवळ पळू नये, आणि कानात काही घालून तर कदापि नाही. पहाटे पळणाऱ्या मुलींना मोकाट कुत्री आणि मागून येणारी टवाळ मोटारसायकल यांचीही चाहूल लागली पाहिजे.

म्हणून पहिला नियम असा. घरात कान बंद झाला तरी चालेल, रस्त्यावर कान उघडा पाहिजे. कोणता हेडफोन घ्यायचा हे याच नियमावरून ठरते.

चार प्रकार, चार स्वभाव

या उपकरणांना फोनशी जोडणारे जे तंत्र, त्याला ब्लूटूथ म्हणतात. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये त्यावर काम सुरू झाले आणि दहाव्या शतकातील एका डेन्मार्कच्या राजाच्या टोपणनावावरून त्याचे नाव पडले. त्या शब्दाचा अर्थ निळा दात! काही पालक विचारतात, याच्या लहरींनी डोक्याला काही होईल का? या लहरींची ताकद आपण कानाला लावतो त्या मोबाईलपेक्षा कितीतरी कमी असते. काळजी लहरींची करू नका, आवाजाची करा. त्याकडे पुढे येतोच.

पहिला प्रकार म्हणजे कानाच्या छिद्रात घट्ट बसणारे दोन सुटे बड. डबीत ठेवले की चार्ज होतात. आवाज चांगला येतो, परंतु रबरी टोपीमुळे बाहेरचे जग बंद होते. पळताना एखादा पडून नालीत गेला की उरलेल्याचा उपयोग अर्धाच. घरातल्या व्यायामाला चांगले, रस्त्यावर नको.

दुसरा नेकबँड. गळ्यात पट्टा आणि त्याला जोडलेले दोन बड. दिसायला जुना वाटतो, पण कष्टकरी घराला सोयीचा. हरवत नाही, एकदा चार्ज केला की बहुधा जास्त तास चालतो, स्वस्तही असतो. आईने हाक मारली की बड कानातून काढावेत, गळ्यात लोंबत राहतात. मात्र कानात घातल्यावर हाही कान बंदच करतो, हे विसरू नये.

तिसरा म्हणजे डोक्यावरून येणारा आणि दोन्ही कान झाकणारा मोठा हेडफोन. अभ्यासिकेत बसून व्याख्यान ऐकायला उत्तम. व्यायामात मात्र गादी घामाने भिजते, उड्या मारताना तो घसरतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कान उकडून निघतात.

चौथा उघड्या कानाचा. यात दोन जाती आहेत. एक कानाच्या वर अडकतो आणि छिद्राबाहेरून आवाज सोडतो. दुसरा कानापुढच्या गालाच्या हाडावर टेकतो आणि हाडाच्या कंपनातून आवाज आतल्या कानापर्यंत नेतो. दोन्हींत कानाचे छिद्र मोकळे राहते आणि हॉर्न, हाक, पावले ऐकू येतात. बाहेरच्या व्यायामाला हाच खरा. दोष दोन. हाडातून ऐकवणारे चांगले यंत्र अजून आपल्या आवाक्याबाहेरच्या किमतीला मिळते. आणि रहदारीच्या गोंगाटात गाणे नीट ऐकू येत नाही म्हणून मुले आवाज वाढवत नेतात. तसे केले तर कान उघडा ठेवण्याचा अर्थच उरत नाही. गोंगाट असेल तिथे गाणे बंद करावे.

काही बडमध्ये बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय असते. ती उपयोगाची आहे, पण तिच्यावर जीव सोपवू नये. वारा सुटला की त्यात नुसती घरघर ऐकू येते, आणि बॅटरी संपली की कानात नुसते बूच उरते.

खोके वाचायला शिका

कंपन्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. आपण खोके वाचायला शिकलो तर जाहिरातीतल्या नटाची गरज लागत नाही.

खोक्यावर 'आयपी' आणि पुढे दोन खुणा असतात. पहिली धुळीची, दुसरी पाण्याची. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेले शिंतोडे सहन होतात. घामासाठी एवढे किमान हवेच. आयपीएक्स५ पाण्याची धार सोसतो. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. पण 'एक्स' याचा अर्थ धुळीची परीक्षा झालेलीच नाही. आपला रस्ता फुफाट्याचा, म्हणून आयपी५४ किंवा आयपी५५ मिळाल्यास आपल्याला अधिक बरे. आणखी एक गोष्ट. ही खूण बहुधा बडपुरती असते, डबीसाठी नसते. घामाने ओला बड तसाच डबीत टाकला की चार्जिंगच्या बारीक पिना गंजतात. आधी कोरड्या फडक्याने पुसावा, मगच डबीत ठेवावा.

एएनसी आणि ईएनसी या दोन अक्षरगटांत गिऱ्हाईक फसते. एएनसी तुमच्या कानाला बाहेरचा गोंगाट कमी ऐकू आणते. रस्त्यावर ते बंदच ठेवले पाहिजे. ईएनसी फक्त फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून असते. दुकानदार दोन्ही एकच म्हणून सांगतो, तेव्हा सावध राहावे.

'४० तास चालतो' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्यात डबीतले चार्जिंगही धरलेले असते. एका दमात बड किती तास चालतो ते विचारा. व्यायामाला ४-५ तासही पुष्कळ झाले. आतल्या पडद्याचे मिलिमीटर जास्त म्हणजे आवाज चांगला, हाही गैरसमज आहे.

शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. बिनतारी हेडफोनला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर मानक चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. मोबाईलवरील 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. कानाजवळ लिथियमची बॅटरी बाळगायची तर एवढी खात्री हवीच.

वीणेची तार

आवाज किती ठेवावा? जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी मर्यादा सांगितली आहे. ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास. ९० डेसिबल झाला की तीच मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला आठवड्यातून अवघी २० मिनिटे. म्हणजे आवाज थोडा वाढवला की वेळेला मोठी कात्री लागते. १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून अधिक तरुणांच्या कानांना धोका आहे, असे याच संघटनेने २०२२ मध्ये म्हटले आहे. व्यवहारात सोपा नियम असा की फोनवरचा आवाज ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये. हातभर अंतरावरून बोललेले तुम्हाला ऐकू आले नाही तर आवाज जास्त आहे असे समजावे. आतल्या कानाच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

इथे सोण भिक्खूची गोष्ट आठवते. साधनेच्या ईर्ष्येने चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडली तर? सोण म्हणाला, नाही. तथागतांनी सांगितले की प्रयत्नाचेही तसेच आहे, तो समतोल हवा. व्यायामालाही हे लागू, हेडफोनच्या आवाजालाही लागू आणि खिशालाही लागू!

निगा राखण्याविषयी थोडे. एकाचा बड दुसऱ्याने घालू नये. मैत्रिणी-मैत्रिणी एक-एक कानात वाटून घेतात, त्यातून कानाचा आजार वाटला जातो. रबरी टोप्या आठवड्याला काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळवूनच बसवाव्यात. ओला कान आणि त्यावर बड म्हणजे बुरशीला आमंत्रण. कान दुखला, वाहू लागला किंवा शांततेतही शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर तेल टाकत बसू नये. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे.

घरातली बाई आणि तिचा व्यायाम

हे सारे फक्त मुलांसाठी नाही. एका खोलीच्या घरात पहाटे आई योगासने करते, बाळ झोपलेले असते, सासऱ्यांना आवाज सहन होत नाही. तिथे हेडफोन उपकाराचा आहे. परंतु कुकरची शिट्टी आणि बाळाचे रडणे ऐकू आले पाहिजे, म्हणून तिने एकाच कानात बड घालावा. बहुतेक सुटे बड एकेकटेही चालतात, तसे चालतात का ते दुकानातच पाहून घ्यावे.

आवाज कानात ठेवण्याविषयी एक बोलतो. शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून गाणे कानात घेणे हे सौजन्य आहे. परंतु काही आया मला म्हणाल्या, "गाणं कानातच ऐक, गावात वाद नको." त्यांची भीती खोटी नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलच्या रिंगटोनला असलेल्या भीमगीतावरून वाद होऊन एका तरुण नर्सिंग विद्यार्थ्याचा खून झाला. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांनी जी गाणी उघड्या माळावर हजारोंपुढे गायिली ती भीतीपोटी कानात दडवावी लागावीत, हे मला मान्य नाही. हेडफोन सौजन्यासाठी घ्या, भीतीपोटी नको.

हिशेब आणि पावती

मी कारकून माणूस, हिशेबाशिवाय पुढे जात नाही. समजा, आठवडी बाजारात २५० रुपयांचा बिनपावतीचा हेडफोन घेतला आणि तो तीन महिन्यांत बिघडला. वर्षाला चार लागले, झाले १,००० रुपये. तेवढ्याच पैशांत नोंदणी क्रमांक असलेला आणि वर्षाची हमी असलेला नेकबँड येतो आणि नीट वापरला तर दोन वर्षे जातो. स्वस्त वाटलेले दुपटीने महाग पडते. पण चार-पाच हजारांचा हप्त्यावर घेऊन पोराच्या गळ्यात कर्ज अडकवू नये.

पक्की पावती घ्या. हमीत घामाने किंवा पाण्याने झालेला बिघाड धरला आहे का, ते आधी विचारा. बिघडल्यावर दुकानदाराने हात झटकले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क लागत नाही. पावती नसली तर मात्र ही लढाई फार अवघड होते.

आधी दिवा

भरतीच्या मुलामुलींना एक खास सांगणे. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यास २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. त्या दिवशी कानात गाणे नसते. आपला श्वास आणि आपली पावले मोजूनच पळावे लागते. ज्याला गाण्याशिवाय पळताच येत नाही तो त्या दिवशी पांगळा होतो. म्हणून वेळ लावून पळायचे ते उघड्या कानाने. हेडफोन घरातल्या जोर-बैठकांना, दोरीवरच्या उड्यांना, आणि दमून बसल्यावर सामान्य ज्ञानाची व्याख्याने ऐकायला. रस्त्यावरून पळावेच लागले तर समोरून येणारे वाहन दिसेल अशा उजव्या कडेने, फिकट रंगाचे कपडे घालून पळावे.

आणि वडीलधाऱ्यांना सांगणे असे. पोराच्या कानाची काळजी घेताना त्याच्या पायाखालच्या जमिनीचीही घ्या. क्रीडा खात्याची क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासाची अनुदान योजना आहे. ज्या योजनेला आपण अजूनही दलित वस्ती सुधार म्हणतो तिच्यातून वस्तीत दिवे आणि रस्ते होतात. ग्रामसभेत उठून मागणी करा, ठरावात लिहून घ्या, नक्कल मागून घ्या. गावाजवळ उजेडाची ४०० मीटरची वाट झाली तर आपली लेकरे महामार्गावर जाणार नाहीत.

आठ दिवसांनी ती भगिनी परत भेटली. मी सांगितले ते तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे घरात लाव, सडकंवर काढ, असंच ना?" मी दोन पाने टिपणे काढली होती, तिने ती एका ओळीत सांगितली. मुलाने ९०० रुपयांचा नेकबँड घेतला, पावतीसह. पहाटे तो पळायला निघतो तेव्हा नेकबँड घरी खुंटीला असतो, असे ती सांगते. आमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत दिव्यांचा विषय मांडायचे आम्ही ठरवले आहे. तुमच्या गावातही मांडा.

जयभीम! नमो बुद्धाय!